डिप्रेशन म्हणजे मेंदूची सूज? 'ब्रेन डिटॉक्स' पॅकेज घ्यावं का? (सोलापूर, बजेट ३,०००)

रातपाळी_सोलापूर
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ यंत्रमागावर रातपाळीला असतो. डिप्रेशनसाठी वर्षभर एस्सिटालोप्राम चालू आहे. रडणं थांबलं, पण झोप नाही, जेवणात लक्ष नाही, कुणाशी बोलत नाही. भावजींनी व्हिडिओ पाठवला की डिप्रेशन म्हणजे मेंदूला आलेली सूज, पेशींत कचरा साचतो, तो काढला की माणूस बरा. होटगी रोडला एके ठिकाणी याचं पॅकेज सांगितलं, १८,०००. शिरेतून ग्लुटाथायोन (एक अँटिऑक्सिडंट) आणि बऱ्याच रक्ततपासण्या. माझं बजेट ३,०००, वर एक रुपया नाही. यात तथ्य किती, आणि एवढ्या पैशांत कोणती तपासणी करावी?

जुळे_सोलापूरकर
बजेट वाढवा. माझ्या साडूने पुण्यात ४०,००० चं केलं. सकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, रात्री परत. तब्येतीच्या बाबतीत पैसा बघू नये.

कडक_भाकरी
साडू बरा झाला का, ते सांगा की!

जुळे_सोलापूरकर
बराच फरक आहे. चेहऱ्यावर तेज आलंय.

लॅबवाला
मी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. व्हिडिओ सगळा खोटा नाही, म्हणून तर लोक फसतात. ही सूज गुडघा सुजतो तशी नसते, स्कॅनमध्ये फुगलेला मेंदू दिसत नाही. मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी जास्त चेतवल्या जातात, रक्तात सायटोकाइन, म्हणजे सुजेचा निरोप नेणारी रसायनं, वाढतात. पूर्वी हिपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉन या सायटोकाइनचीच इंजेक्शनं द्यायचे, तेव्हा आधी ठणठणीत असलेल्या बऱ्याच पेशंटना डिप्रेशन यायचं. संबंध आहे हे तिथे उघड दिसलं.
पण सगळ्यांना ही सूज नसते. डिप्रेशनच्या साधारण चौघांपैकी एकाचा सीआरपी (रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन) ३ च्या वर सापडतो. २०१३ साली अमेरिकेत औषधं लागू न पडणाऱ्या ६० जणांवर इन्फ्लिक्सिमॅब हे सूज उतरवणारं महागडं औषध वापरून पाहिलं. एकूण गटात फायदा नाही. ज्यांचा सीआरपी ५ च्या वर होता त्यांच्यात थोडा दिसला, बाकीच्यांना तुलनेसाठी दिलेल्या साध्या सलाइननेच जास्त बरं वाटलं.

शेंगाचटणी
हळद घालून दूध, सकाळी बदाम. आमच्या घरात कुणाला डिप्रेशन नाही.

उपासवाला
कचऱ्याचं उत्तर ऑटोफॅजी! जपानी शास्त्रज्ञ ओसुमींना २०१६ चं नोबेल त्याच्यावरच मिळालं. सोळा तास उपास करा, पेशी आपला कचरा आपणच खातात. मी करतो, एकदम फ्रेश.

लॅबवाला
ओसुमींचं काम यीस्टवर होतं, तुमच्या एकादशीवर नाही. ज्याचं आधीच जेवणात लक्ष नाही त्याला उपास काय सांगता? आणि गंमत बघा, काही अँटीडिप्रेसंट औषधंच पेशींतली ऑटोफॅजी वाढवतात असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. म्हणजे 'डिटॉक्स' म्हणून जे विकतात त्यातलं काहीतरी कदाचित त्याच्या रोजच्या गोळीतच असेल. गोळी मात्र परस्पर बंद करू नका.

बाळीवेसकर
झोपेत मेंदू धुतला जातो हे ऐकलंय. मग ह्याला झोपवा की आधी.

लॅबवाला
त्याला ग्लिम्फॅटिक यंत्रणा म्हणतात, २०१२ मध्ये नेडरगार्ड या शास्त्रज्ञांच्या टीमने मांडली. झोपलेल्या उंदरांत सफाई जास्त, असं २०१३ ला आलं. २०२४ मध्ये दुसऱ्या टीमला उंदरांतच उलटं दिसलं. भांडण चालू आहे. झोप सुधारणं मात्र डिप्रेशनला मदत करतं, त्यासाठी हे भांडण मिटायची वाट बघायला नको.

कडक_भाकरी
रातपाळीचा माणूस दिवसा झोपणार. पत्र्याचं छप्पर, मे महिन्यात पारा ४२ च्या वर. आधी कूलर घ्या ओ!

जुळे_सोलापूरकर
कूलर नको, दमट होतं. एसीच घ्या. माझा दीड टनाचा आहे.

शेंगाचटणी
सोलापूरला दमट? मे मध्ये?? कूलरच भारी. वाळा घाला.

बाळीवेसकर
३,००० मध्ये एसी, वा रे पठ्ठे.

मिनो_अनुभव
मला पिंपल्ससाठी मिनोसायक्लिन दिलं होतं, मूडही सुधारला. सूज उतरवतं म्हणे. विचारून बघा.

लॅबवाला
औषध लागू न पडणाऱ्या डिप्रेशनवर जर्मनीत त्याची चाचणी झाली, डमी गोळीपेक्षा फरक पडला नाही. तुमचे पिंपल्स गेले म्हणून मूड सुधारला असेल.

ताई_मानसोपचार_नर्स
आता पैशांचं बोलते. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी१२, हिमोग्लोबिनसकट सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), शुगर. थायरॉइड किंवा बी१२ कमी असेल तर थकवा, मरगळ हुबेहूब डिप्रेशनसारखी दिसते, आणि त्यावर उपाय आहे. सीआरपी सोडा. दाढ दुखली, सर्दी झाली, वजन जास्त असलं तरी तो वाढतो, आणि आकडा आला तरी त्यावरून डॉक्टर सहसा गोळी बदलत नाहीत. वर्षभरात अर्धाच फरक असेल तर डोस, औषध, समुपदेशन यांवर फेरविचार व्हायला हवा, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. सरकारी रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी तुमच्या बजेटच्या कितीतरी आत बसते. जिवाचं काही बोलत असेल तर वाट बघू नका, टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

उपासवाला
थायरॉइडलाही उपास चांगला.

रातपाळी_सोलापूर
सगळ्यांचे आभार. पॅकेज घेत नाही, पुण्यालाही जात नाही. पाळी बदलून मागा असं दोघांनी मेसेज करून सांगितलं, पण मालकाकडे दिवसपाळीला जागा नाही आणि भाऊच नको म्हणतो, रातपाळीला दोन पैसे जास्त मिळतात. ताईंच्या तपासण्या करतोय, आणि सीआरपीसुद्धा. ताई नको म्हणाल्या, कळतंय. पण व्हिडिओ बघितल्यापासून तो रोज विचारतो, 'दादा, माझ्या डोक्यात खरंच सूज आहे का?' नॉर्मल आला तर निदान ते तरी डोक्यातून जाईल. रिपोर्ट घेऊन गुरुवारी त्याच्याच डॉक्टरकडे. सीआरपीला उपाशीपोटी जावं लागतं का?

लॅबवाला
सीआरपीला नाही, शुगरला लागतं. म्हणजे पाळीत शेवटचं खाऊन आठ तास झाले असतील तरच सकाळी सुटल्यावर थेट या, चहा नंतर. आणि वाढलेला आला तर? त्याला काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा.

जुळे_सोलापूरकर
साडूचा नंबर देऊ का? एकदा बोलून तरी बघा.