ग्रंथालयाच्या प्रोग्रामात दंडाचा हिशोब नक्की कुठल्या लेयरमध्ये टाकायचा?

सांगलीकर_बीसीए:

नमस्कार मंडळी. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट म्हणून गावच्या वाचनालयासाठी प्रोग्राम करतोय. जावा, स्विंग (स्क्रीन बनवायला), एसक्यूलाइट (एका फाइलमधला छोटा डेटाबेस), काउंटरवर एकच कॉम्प्युटर. मॅडम म्हणाल्या लेयर्ड आर्किटेक्चर, म्हणजे प्रोग्रामचे थर पाहिजेतच, म्हणून तीन पॅकेजं केली, यूआय (स्क्रीन), सर्व्हिस (कामाचे नियम) आणि डीएओ (डेटाबेसशी बोलणारा कोड). पण खरं सांगू का, माझ्या सर्व्हिसमध्ये काहीच नाहीये, यूआय तिला हाक मारतं, ती डीएओला हाक मारते, नुसती पोस्टमन.

आता घोळ असा झालाय. आधी सगळ्यालाच दिवसाला १ रुपया दंड होता. तो मी 'परत' बटणाच्या क्लिकमध्ये लिहिला, मग मुदत वाढवायच्या स्क्रीनवर कॉपी पेस्ट केला आणि थकबाकीच्या यादीसाठी एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) परत तेच. गेल्या महिन्यात कार्यकारिणीनं दिवाळी अंकांचा दंड २ रुपये केला. मी दोन जागी बदलला, यादीत विसरलो. ग्रंथपाल काकूंनी सहा दिवस उशिरा आलेला अंक घेतला, तर यादी म्हणते ६ रुपये आणि काउंटर म्हणतो १२, आणि समोर सभासद हुज्जत घालतोय.

अजून एक, पुस्तक देताना मधूनच 'डेटाबेस इज लॉक्ड' असा एरर येतो. प्रोग्राम वापरणारी एकटी काकूच आहे तरी लॉक कोण करतंय कळेना. आणि प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) म्हणून आयएसबीएन, पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, ठेवला होता पण निम्म्या पुस्तकांना तो नंबरच नाही. काय करू?

चहापेक्षा_कोड_गरम:

भावा, तुझी सर्व्हिस रिकामी आहे कारण तिचा माल तू बटणात कोंबलायस. साधी युक्ती सांगतो, उद्या कॉम्प्युटर बंद पडला आणि काकूंनी रजिस्टर काढलं तरी जी गोष्ट त्यांना माहीत असावीच लागते ती मधल्या लेयरची. मुदत किती दिवस, एका सभासदाला किती पुस्तकं, वर्गणी थकलेल्याला द्यायचं का नाही, दंड किती, हे सगळं तिथं. बटण निळं की हिरवं ते वर, आणि टेबलात कॉलम कुठला ते खाली.

दंडाचं एकच फंक्शन कर. त्याला प्रकार, देय तारीख आणि परत आल्याची तारीख द्यायची, त्यानं रक्कम द्यायची. आजची तारीख आतून विचारू नकोस, बाहेरून दे, म्हणजे टेस्ट करताना '२८ फेब्रुवारीला द्यायचं होतं, ३ मार्चला आलं' असं सरळ लिहून बघता येतं. लोकलडेट (जावाचा नुसत्या तारखेचा प्रकार) वापर, मिलिसेकंदांना भागायच्या भानगडीत पडू नकोस.

थकबाकीची यादी? डीएओनं फक्त बाहेर असलेल्या पुस्तकांच्या नोंदी आणायच्या, दंड सर्व्हिस त्याच फंक्शननं लावेल. एसक्यूएलमध्ये फास्ट होतं म्हणशील, पण गावच्या वाचनालयात एका वेळी बाहेर असून असून किती पुस्तकं असणार, चारपाचशे? पापणी लवेपर्यंत होतं.

आणि दर कोडमध्ये लिहू नकोस. दराचं वेगळं टेबल कर, त्यात 'कधीपासून लागू' ही तारीख ठेव. नाहीतर कार्यकारिणी पुढच्या वर्षी दर वाढवेल आणि जुन्या पावत्यांचा हिशोब पण बदलून बसेल.

जोडणी_तुटली:

लॉकचं मी सांगते, मी यात दोन रात्री घालवल्यात. तुझ्या प्रत्येक डीएओ मेथडमध्ये डेटाबेसशी नवीन कनेक्शन (जोडणी) उघडतोयस ना? म्हणजे सर्व्हिसनं एक कनेक्शन उघडून ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतील नाहीतर एकही नाही असा गट) सुरू केलं, त्यावर देवघेवीची नोंद टाकली, मग प्रतीचा स्टेटस बदलायला दुसऱ्या डीएओला बोलावलं, त्यानं स्वतःचं दुसरंच कनेक्शन उघडलं आणि तो लिहायला गेला. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येतं, दुसरं कनेक्शन पहिलं कमिट (बदल पक्के) व्हायची वाट बघतंय आणि पहिलं कमिट होणार दुसरं संपल्यावर. तुझाच प्रोग्राम स्वतःच्या शेपटीवर पाय देऊन उभा आहे, काकूंचा काही दोष नाही.

ट्रान्झॅक्शन कुठं सुरू आणि कुठं संपणार ते सर्व्हिसनं ठरवायचं, कारण 'पुस्तक देणं' हे एक काम आहे हे तिलाच माहीत असतं. डीएओला कनेक्शन हातात द्यायचं, त्यानं स्वतः उघडायचं पण नाही आणि बंद पण करायचं नाही. आणि प्रत्येक कनेक्शन उघडलं की फॉरेन कीचा (एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या नोंदीला बांधणारा नियम) प्राग्मा, म्हणजे सेटिंग, ऑन कर, एसक्यूलाइटमध्ये तो सहसा बंदच असतो, मग सभासद डिलीट होतो आणि त्याच्या नावावरची पुस्तकं हवेत लोंबकळतात.

निवृत्त_ग्रंथपाल:

मी प्रोग्रामर नाही, पण आयएसबीएनचं वाचून राहवलं नाही. आयएसबीएन आला १९७० च्या सुमारास, २००७ पासून तो १३ आकडी झाला, त्याआधी १० आकडी होता. तुमच्या वाचनालयातल्या जुन्या कादंबऱ्यांना तो कुठून असणार! आणि एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असल्या तर तिन्हींचा आयएसबीएन एकच. मग कुठली प्रत कोणाकडं गेली ते कसं कळणार?

आम्ही वर्षानुवर्षं दाखल क्रमांक वापरतो बाळा. दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला स्वतःचा नंबर, पुस्तक फाटून बाद केलं तरी तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. पुस्तकाची माहिती वेगळी ठेव आणि प्रती वेगळ्या. देवघेव प्रतीची होते, पुस्तकाची नाही.

कमीत_कमी_क्लास:

वरचं सगळं मान्य, पण एक वाद घालतो. प्रतीच्या टेबलात 'उपलब्ध' असा कॉलम ठेवलायसच कशाला? परत तारीख रिकामी असलेली देवघेवीची नोंद आहे म्हणजे प्रत बाहेर, नाही म्हणजे कपाटात. तीच गोष्ट दोन जागी लिहिली की एक दिवस दोन्ही वेगळं बोलणार, तुझा दंड बोलला तसाच. तो कॉलम काढलास की पुस्तक देणं म्हणजे एकच इन्सर्ट (नवी नोंद).

वर देवघेवीच्या टेबलात दाखल क्रमांकावर युनिक इंडेक्स (तोच नंबर दुसऱ्यांदा येऊ न देणारा) टाक, पण फक्त परत तारीख रिकामी असलेल्या ओळींपुरता, एसक्यूलाइटला असा अर्धवट इंडेक्स चालतो. मग वरच्या कोडनं कितीही वेडेपणा केला तरी एक प्रत दोघांच्या नावावर जाणार नाही. लेयरवाले म्हणतील नियम डेटाबेसात कसा गेला, म्हणू देत. धोरण सर्व्हिसमध्ये, पण जे कधीच खोटं होऊ नये ते खाली पण बांधून ठेवावं.

आणि सभासदांची नुसती यादी दाखवायला तुझी सर्व्हिस पोस्टमन असेल तर असू दे, त्यासाठी प्रत्येकाला इंटरफेस आणि फॅक्टरी असले जादा क्लास लावत बसू नकोस.

जोडणी_तुटली:

कॉलम काढायचं पटलं. पण राखीव ठेवलेलं पुस्तक देताना आरक्षणाची नोंद पण बंद करावी लागते, म्हणजे दोन टेबलं आलीच, तेव्हा ट्रान्झॅक्शन सोडू नकोस.

सांगलीकर_बीसीए:

दंडवत सगळ्यांना! काल रात्री बसून बदल केले. दंडाचं फंक्शन एका जागी आलं, लॉक गेला. एक सापडलं ते सांगतो, बटणातला कोड सर्व्हिसमध्ये हलवला तर त्याबरोबर जेऑप्शनपेन (स्विंगची संदेशाची खिडकी) पण आलं होतं, म्हणजे दंड मोजता मोजता ती स्वतःच डायलॉग दाखवत होती 😅 त्यामुळं टेस्ट चालवली की मधेच खिडकी उघडून ओके दाबायची वाट बघायची. आता सर्व्हिस एक्सेप्शन (चुकीची सूचना) टाकते आणि काय दाखवायचं ते यूआय बघतं.

पण शोधात 'दऱ्या' टाईप केलं की काही पुस्तकं येतात काही येत नाहीत, स्क्रीनवर तर दोन्हीकडं सेम दिसतंय. हे कुठल्या लेयरचं?

चहापेक्षा_कोड_गरम:

ते कीबोर्डचं आहे. अर्धा ऱ्य दोन प्रकारे साठवला जातो, एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं आणि दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मधे न दिसणारा जॉइनर. नुसतं युनिकोड नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळं साठवलेलं असलं तर एकसारखं करणं) करून हे दोन एक होत नाहीत, स्वतः बदलून घ्यावं लागतं. एक छोटं फंक्शन लिही, नावाच्या शेजारी 'शोधनाव' असा कॉलम ठेव आणि पुस्तक भरताना आणि शोधताना दोन्ही वेळी सर्व्हिसनं तेच फंक्शन लावायचं. मूळ नाव मात्र काकूंनी टाईप केलं तसंच ठेव, लेबलावर तेच छापायचंय.