मदत हवी आहे: १७ रात्री, सात शहरं, एक आत्या आणि मैत्रिणीचा व्हिसा

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्स करतेय. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षा संपतात, मग एप्रिलमध्ये लेक्चर्स सुरू होईपर्यंत सुट्टी. माझी शाळेपासूनची मैत्रीण पुण्याहून येतेय. आर्किटेक्चरला आहे, पहिल्यांदाच देशाबाहेर पडतेय आणि इमारती बघायला इतकी उतावीळ की मला रोज रात्री एकेक फोटो पाठवते, "हे जवळ आहे का गं?" म्हणून. (परवा लिस्बन होतं.)

१६ मार्च ते २ एप्रिल, म्हणजे १७ रात्री. आमचा बेत असा: ती फ्रँकफर्टला उतरणार, कारण ते तिकीट स्वस्त आहे. तिथे १ रात्र, बर्लिन २, माझ्याकडे ड्रेस्डेनला ३, प्राग ३, व्हिएन्ना ३, बुडापेस्ट २ आणि शेवटी नेदरलँड्समधल्या आईंडहोवनला माझ्या आत्याकडे ३.

आता घोळ. आत्याने कौतुकाने तिच्या गेमेन्टेत, म्हणजे तिथल्या पालिकेत जाऊन मैत्रिणीसाठी राहण्याच्या सोयीचा फॉर्म सही-शिक्क्यासह करून ठेवलाय. त्यामुळे आम्ही नेदरलँड्सचा व्हिसा धरून चाललो होतो. पण माझा वर्गमित्र म्हणतो की जर्मनीत रात्री जास्त आहेत, अर्ज जर्मनीकडेच करावा लागेल. मग आत्याच्या कागदाचं काय करायचं? शिवाय "तीनच दिवस? लेकरा, मी काय हॉटेल आहे का?" हे फोनवर ऐकून झालंय, ते वेगळंच.

दुसरं, आम्हा दोघींना इंटररेल पास (अनेक देशांच्या रेल्वेला चालणारा एकच पास) घेऊ का? आणि तिच्या २३ किलोच्या बॅगेचं काय करायचं? व्हिएन्नाच्या हॉस्टेलच्या जिन्यावर ती बॅग मलाच चढवावी लागणार हे मला आत्ताच दिसतंय.

तिकीट अजून काढलेलं नाही, अपॉइंटमेंटही घेतलेली नाही. लवकर सांगा.

प्रतिसाद १

इतकं डोकं लावू नका. ज्या देशाची अपॉइंटमेंट आधी मिळेल तिथून व्हिसा काढा. शेंगेन (या सगळ्या देशांचा सामाईक व्हिसा) ते शेंगेन, एकदा आत गेल्यावर कोण बघतंय?

प्रतिसाद २

वरचा सल्ला कृपया मनावर घेऊ नका. नियम सरळ आहे: जिथे मुक्काम सर्वात जास्त, त्या देशाकडे अर्ज. दोन देशांत सारखेच दिवस असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. तुमच्या बेतात जर्मनी ६ आणि नेदरलँड्स ३, म्हणजे वर्गमित्र बरोबर बोलतोय. अर्जासोबत हॉटेलांची बुकिंगं लागतात, तिथेच रात्री मोजल्या जातात.

फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. पण मार्चची गर्दी बघता शेवटच्या पंधरवड्याची वाट बघू नका.

प्रतिसाद ३

अगं, तुझ्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे: आत्या!

मैत्रिणीला फ्रँकफर्टऐवजी ॲम्स्टरडॅमला उतरव आणि परतीचं तिकीटही तिथूनच काढ. तू आदल्या दिवशीच आईंडहोवनला पोच. सुरुवातीला आत्याकडे ३ रात्री, मोठी बॅग तिथेच सोडायची आणि पाठीवरची सॅक घेऊन निघायचं. बर्लिन १, ड्रेस्डेन २, प्राग ३, व्हिएन्ना ३, बुडापेस्ट २ आणि परत आत्याकडे ३. मोज आता: नेदरलँड्स ६, जर्मनी ३. व्हिसा नेदरलँड्सचा, आत्याचा कागद कामी आला आणि आत्याकडे एकदा सोडून दोनदा राहणं झालं. तिकिटात थोडे पैसे जास्त गेले तरी फ्रँकफर्टची हॉटेलची रात्र वाचते.

आणि मैत्रीण आर्किटेक्चरची असेल तर आत्याकडचे दिवस फुकट जातील असं मुळीच समजू नका. रॉटरडॅम रेल्वेने तासा-सव्वा तासावर. १४ मे १९४० च्या बॉम्बहल्ल्यात शहराचा गाभा बेचिराख झाला आणि मग त्यांनी जुन्याची नक्कल न करता नवंच शहर बांधलं. वास्तुकार पीट ब्लोमची तिरकी पिवळी क्यूब घरं तिथेच आहेत, त्यातलं एक आतून बघता येतं. आत गेलं की भिंती अंगावर कलतात, कपाट कुठे ठेवत असतील हा माझा पहिला प्रश्न होता. उट्रेख्टला १९२४ चं रीटफेल्ड-श्रोडर घर आहे, वरच्या मजल्यावरच्या भिंती सरकवून खोल्या करता येतात. आधी वेळ बुक करून जा.

मग ड्रेस्डेनला तुझ्या फ्राउएनकिर्खच्या भिंतीतले काळे दगड दाखव तिला. १९४५ मध्ये कोसळलेल्या चर्चचे जुने दगड काळे, नंतर घातलेले फिके. एकाच महायुद्धात पडलेली दोन शहरं, एकाने नवं उभारलं, दुसऱ्याने होतं तसं. आठ दिवसांत दोन्ही बघून होतील.

प्रतिसाद ४

पासबद्दल. इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी, तुमच्याकडे जर्मनीत राहण्याचा परवाना आहे म्हणून तुम्हाला चालतो. मैत्रिणीला युरेल (युरोपाबाहेरच्यांसाठीचा तसाच पास) घ्यावा लागेल. शिवाय इंटररेलमध्ये स्वतःच्या राहत्या देशात एकदा बाहेर पडायला आणि एकदा परत यायलाच वापरता येतो. पण तुमच्या मार्गावर दोन्हीची गरज वाटत नाही. ड्रेस्डेन-प्राग अडीच तासांच्या आत, प्राग-व्हिएन्ना साधारण चार, व्हिएन्ना-बुडापेस्ट पावणेतीनच्या आत. सुटी तिकिटं आधी काढली तर स्वस्त मिळतात.

बुडापेस्टहून आईंडहोवनला थेट स्वस्त विमान आहे. फुकट नेता येणाऱ्या पिशवीचं माप मात्र ४० × ३० × २० सेंमी. आत्ताच टेप घेऊन सॅक मोजा, गेटवर मोजण्यात मजा नाही.

नेदरलँड्समध्ये रेल्वेला, बसला बँकेचं कार्ड टॅप करून चढता येतं. एका कार्डावर एकच माणूस, आणि उतरताना पुन्हा टॅप करायला विसरायचं नाही. आणि पासपोर्ट कायम जवळ ठेवा. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केलीय, रेल्वेतसुद्धा पोलीस येतात.

प्रतिसाद ५

मैत्रीण शाकाहारी आहे का? प्रागला तळलेलं चीज मिळतं, बुडापेस्टला लांगोश (आपल्या भटुऱ्याचा चुलतभाऊ). दोन्ही दोन दिवस छान वाटतात. तिसऱ्या दिवशी फलाफल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! प्रतिसाद ३, तुम्ही आमच्या घरी आलात तर आत्या तुम्हाला पुरणपोळी करून घालेल. दोन फेऱ्यांचा बेत ऐकून ती इतकी खूश झाली की लगेच मागण्यांची यादी पाठवली: खव्याचे पेढे, कढीपत्ता आणि जमलं तर हापूसची अर्धी पेटी. मैत्रीण सगळ्याला हो म्हणून बसलीय. हे आणता येतं का?

प्रतिसाद ४

पेढे नाही. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला युरोपीय संघात बंदी आहे. ताजी फळं आणि पानं वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, म्हणून हापूस आणि कढीपत्ताही गेला. सूट फक्त पाच फळांना: केळी, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ.

धागाकर्ती

नारळ चालतो! मग ठरलं, मैत्रीण नारळ आणि खण घेऊन येईल, आत्याची ओटी भरू. हापूसचं आत्याला सांगायची हिंमत मात्र अजून होत नाहीये.