सोनिक मुळात अबोल की बडबड्या? जपानी सोनिक आणि अमेरिकी सोनिक

खोडरबर

स्पष्टच लिहितो. सिनेमातला सोनिक मला सोनिक वाटतच नाही. दर दोन वाक्यांमागे एक कोटी, एकटा पडलो म्हणून रडवेला चेहरा, आणि तोंडाचा पट्टा काही थांबत नाही.

ज्यांचा गेमिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सोनिक म्हणजे सेगा या जपानी कंपनीचा निळा हेजहॉग. निन्टेन्डोच्या मारिओला तोडीस तोड म्हणून तो जन्माला घातला. चित्र नाओतो ओशिमांचं, प्रोग्रामिंग युजी नाकांचं, लेव्हल्स हिरोकाझू यासुहारांच्या. पहिला गेम १९९१चा, मेगा ड्राइव्हवर (त्याच यंत्राला अमेरिकेत जेनेसिस म्हणायचे).

त्या गेममध्ये तो एक शब्द बोलत नाही, तरी माणूस कसा आहे ते कळतं. खेळता खेळता कंट्रोलर खाली ठेवा. तो काही क्षण उभा राहील, मग मान वळवून थेट तुमच्याकडे बघेल आणि पाय आपटायला लागेल. संपलं. संवाद नाही, पार्श्वकथा नाही. १९९३च्या ‘सोनिक सीडी’त तर त्याला तीन मिनिटं नुसतं उभं ठेवलं की ‘मी निघालो’ म्हणत तो स्क्रीनबाहेर उडी मारतो आणि गेम संपतो! खेळणाऱ्यालाच टांग मारून जाणारा दुसरा नायक मला तरी आठवत नाही.

मग अमेरिकेच्या हाती लागला. १९९३ या एकाच वर्षी तिकडे त्याच्या दोन कार्टून मालिका आल्या. एक नुसता धुडगूस आणि चिली डॉगवर (तिखट खिमा घातलेला हॉट डॉग) ताव, दुसरी शनिवारी सकाळची, तिच्यात खलनायक रोबोटनिकच्या (जपानी नाव एगमन) हुकूमशाहीविरुद्ध लढणारे बंडखोर. दोन्हीकडे आवाज एकाच नटाचा, जलील व्हाइटचा, आणि दोन्हीकडे पोपटासारखी अखंड बडबड. जपानमध्ये १९९८च्या ‘सोनिक अॅडव्हेंचर’पासून जुनइची कानेमारूंचा आवाज आहे. त्यांचा सोनिक शांत, कमी बोलणारा, आपल्या मर्जीचा मालक. मदत करतो पण उपदेश करत नाही आणि काम झालं की आभार ऐकायलाही थांबत नाही.

माझं म्हणणं एवढंच: हा जपानी सोनिक मूळ. बाकी सगळी मार्केटिंगवाल्यांची कलाकुसर.

ठसका

मूळ जपानी? कुठलं मूळ, राव?

पात्र कोणतं घ्यायचं ते ठरवायला ओशिमा आपली चित्रं घेऊन न्यूयॉर्कला गेले होते. सेंट्रल पार्कात येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवली, सगळ्यात जास्त पसंती हेजहॉगला मिळाली. पायजम्यातला मिशाळ गोल माणूसही त्याच उमेदवारांत होता, तो पुढे खलनायक झाला. सोनिकच्या बुटांना मायकल जॅक्सनच्या बुटांचा आधार आहे, आणि ‘उठा आणि काम उरका’ हा बाणा बिल क्लिंटनवरून घेतल्याचं सांगतात. गेमसुद्धा अमेरिकेत २३ जूनला आला, जपानमध्ये २६ जुलैला. म्हणजे ज्याला तुम्ही मूळ म्हणता तो जपान्यांनी अमेरिकेसाठी बेतलेला, अमेरिकेत आधी विकलेला माल आहे.

आणि मार्केटिंगवाल्यांनी काय केलं तेही बघा. जपानहून पहिला आराखडा आला तेव्हा सोनिकला सुळे होते, त्याचा रॉक बँड होता आणि मॅडोना नावाची माणसातली मैत्रीण होती. सेगा ऑफ अमेरिकात मॅडेलिन श्रोडर उत्पादनाचं काम बघायच्या. त्यांनी सुळे काढायला लावले, बँड काढला, मॅडोनाला घरी पाठवलं. जपानी टीम यावर बरीच नाराज झाली होती. म्हणजे उद्धट, दात विचकणारा, बँडवाला सोनिक जपानचा, आणि त्याला सभ्य करणारी अमेरिका! तुमचं गृहीतक बरोबर उलटं पडतंय.

रिकामटेकडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

(आमच्या पिढीला सोनिक म्हटलं की आधी निकलोडियनचं चॅनेल आठवतं. त्याचा या प्राण्याशी काडीचा संबंध नाही.)

खोडरबर

@ठसका, सुळ्यांचं आणि मॅडोनाचं मान्य. पण ते कागदावर होतं, गेममध्ये नाही. बाजारात आला तो पाय आपटणारा सोनिक आणि मी त्याच्याबद्दल बोलतोय. गिऱ्हाईक अमेरिकेचं होतं म्हणून स्वभावही अमेरिकेचाच, हे कसं?

माझा पुरावा घ्या. ‘सोनिक कलर्स’, २०१०. गेम सोनिक टीमचा, म्हणजे जपानी. इंग्रजी संवाद केन पोन्टॅक आणि वॉरेन ग्राफ या अमेरिकी जोडीने लिहिले. चित्र तेच, हातवारे तेच, दृश्य तेच. इंग्रजीत ऐका: सोनिक स्वतःच्याच विनोदावर खूश असलेला, शाळेतल्या मागच्या बाकावरचा पोरगा. एगमनच्या टकलावर आणि नाकातल्या केसांवर कोटी करतो आणि तीच तीच घोळवत बसतो. आता भाषा बदला आणि कानेमारूंना ऐका. फाजीलपणा निम्म्यावर येतो, आवाज खाली उतरतो आणि तोच प्राणी मोठा झाल्यासारखा वाटतो. एकाच तबकडीत दोन माणसं राहतात. हा देशादेशातला फरक नाही तर काय आहे?

मेघडंबरी

तुम्ही दोघं जपान-अमेरिका करत बसलात आणि ब्रिटन विसरलात. तिकडे ‘सोनिक द कॉमिक’ १९९३ ते २००२ निघत होतं. त्यातला सोनिक सरळसरळ खडूस आहे. टेल्स हा त्याचा शेपटीवाला चेला. गेममध्ये दोघांचं भावाभावांसारखं. या कॉमिकमध्ये सोनिक त्याला येताजाता टोमणे मारतो, चारचौघांत त्याचा पाणउतारा करतो, श्रेय स्वतः घेतो. तरी वाचणाऱ्या पोरांचा तोच हिरो.

त्याहून कमाल म्हणजे सुपर सोनिक. गेममध्ये सगळे हिरे जमवले की तो सोनेरी होतो, ताकद वाढते, पण असतो सोनिकच. ब्रिटिश कॉमिकवाल्यांनी त्याचा राक्षस केला. एकदा रूप पालटलं की त्याला आपला-परका कळत नाही, समोर येईल त्याला झोडपतो, मित्रसुद्धा पळून जातात. हे ना जपानने सांगितलं होतं ना अमेरिकेने. ब्रिटिश लेखकांनी आपल्या बुद्धीने रचलं. इंग्रजी पोरांची साप्ताहिकं आधीपासूनच खोडसाळ नायकांवर चालायची, सोनिक त्या साच्यात जाऊन बसला.

मला तर तिघांत हाच सगळ्यात रंगतदार वाटतो. मूळ कोणता यात मला रस नाही.

डोंगरवेडी

मी डबिंगच्या स्क्रिप्ट लिहिते, त्यामुळे राहवत नाही. देश देश काय लावलंय? बडबड देशामुळे आलेली नाही, वेळेमुळे आली आहे.

बावीस मिनिटांचा कार्टूनचा भाग घ्या. गेममध्ये धावणं, उडी मारणं, आदळणं हे खेळणारा करतो, त्यामुळे नायक गप्प असला तरी चालतं. टीव्हीवर ते सगळं पडद्यावर नुसतं घडतं आणि बघणारा हातावर हात ठेवून बसलेला असतो. मग कोणीतरी बोलावं लागतं. अबोल नायकाबरोबर बावीस मिनिटं काढायची तर लेखक दोनच गोष्टी करू शकतो: शेजारी बडबड्या मित्र द्यायचा, नाहीतर नायकालाच बोलतं करायचं. ‘सोनिक एक्स’ (२००३) ही जपानचीच मालिका. तिथे पहिला मार्ग घेतला, क्रिस नावाचा माणसाचा मुलगा मध्ये घातला आणि भावना सगळ्या त्याच्या गळ्यात मारल्या. सोनिक मधूनमधून येतो, वाचवतो, जातो. काही भागांत तर पाहुणाच वाटतो. अमेरिकी कार्टूनवाल्यांनी दुसरा मार्ग घेतला.

आणि जपानी म्हणजे शांत-समंजस असंही नाही हो. १९९६चा जपानी ओव्हीए (थेट व्हिडिओवर आलेला अॅनिमेशनपट) बघा. त्यात सोनिक समुद्रकिनाऱ्यावर लोळतोय आणि टेल्सने व्यत्यय आणला म्हणून वैतागतोय. शुद्ध आळशी, चिडका. कानेमारूंच्या आधीचा आहे तो, आवाजही दुसऱ्याचा.

पाटीपेन्सिल

+१ डोंगरवेडी.

कर्बीचं उदाहरण घ्या म्हणजे ‘पात्र बदललं’ आणि ‘जाहिरात बदलली’ यातला फरक कळेल. निन्टेन्डोचा तो गुलाबी गोळा पूर्वी जपानी खोक्यांवर हसरा असायचा, अमेरिकी खोक्यांवर भुवया ताणून रागावलेला. २००३च्या ‘कर्बी एअर राइड’ची दोन्ही खोकी शेजारी ठेवून बघा. कंपनीच्या लोकांनी उघड सांगितलं आहे की जपानमध्ये गोंडस कर्बी खपतो, अमेरिकेत झुंजार. पण आत सीडी घातली की कर्बी तोच, गप्प, खादाड. स्वभाव बदलला तो फक्त दुकानाच्या फडताळावर.

तसंच पिकाचू. कर्कश्श पुरुषी आवाजातला कॉफीबाज डिटेक्टिव्ह पिकाचू लोकांना हॉलिवूडची करणी वाटते. तो आधी जपानी गेममध्ये आला, २०१६ला. रायन रेनॉल्ड्सचा सिनेमा २०१९चा.

ठसका

डोंगरवेडी यांचा मुद्दा वजनदार आहे, पण त्याने माझं नुकसान होत नाही, खोडरबरचं होतं.

खोडरबर, तुमच्या कानेमारूंबद्दल एक विचारतो. त्यांचा सोनिक जपानी बोलता बोलता मध्येच इंग्रजी वाक्यं का फेकतो? ‘कम ऑन’, ‘लेट्स गो’ असं सारखं चालू असतं. कट्ट्यावरचा एखादा पोरगा मराठी वाक्यात मुद्दाम इंग्रजी पेरतो ना, हुबेहूब तसं. जपानी प्रेक्षकांना तो परदेशी वाऱ्याचा वाटावा अशीच ती रचना आहे. तुम्ही ज्याला जपानी शांतपणा म्हणता त्याला जपानी माणूस अमेरिकी ऐट म्हणत असेल.

दुसरं. मेगा ड्राइव्ह जपानमध्ये सुपर फॅमिकॉम आणि पीसी इंजिन या दोन प्रतिस्पर्धी यंत्रांच्या मागे तिसरा होता. सोनिक तिकडे घरोघरी कधी नव्हताच. घरोघरी झाला तो अमेरिकेत, सेगा ऑफ अमेरिकाचे प्रमुख टॉम कॅलिन्स्केंनी यंत्राची किंमत १८९ डॉलरवरून १४९वर आणून त्याच्यासोबत हा गेम फुकट द्यायला लावला तेव्हा. ‘सोनिक २’ तर कॅलिफोर्नियात बनला. नाका स्वतः तिकडे जाऊन राहिले होते, टीम जपानी-अमेरिकी मिश्र. टेल्सचा जन्म त्याच गेममधला. आता सांगा, टेल्स कुठला?

तिसरं, चिली डॉग. तुम्ही नाक मुरडत ज्याचा उल्लेख केलात तो १९९३च्या अमेरिकी कार्टूनमधून आला. २००८च्या ‘सोनिक अनलीश्ड’मध्ये तो हजर आहे, आणि गेम केला जपानच्या सोनिक टीमनेच. म्हणजे नक्कल कोणी कोणाची केली? पंधरा वर्षांत अमेरिकी आवड जपानी पात्राची होऊन बसली.

खोडरबर

चिली डॉग खाणं म्हणजे स्वभाव नव्हे. मी मिसळ खातो म्हणून कोल्हापूरकर होत नाही.

इंग्रजी वाक्यांचं म्हणणं चांगलं आहे. पण ऐट वेगळी आणि वाचाळपणा वेगळा. ‘लेट्स गो’ म्हणून तो निघून जातो, उभा राहून दहा मिनिटं स्टँडअप करत नाही.

रिकामटेकडा

पॉपकॉर्न संपले, म्हणून एक गंभीर मुद्दा.

कोणी ‘सोमारी’ खेळलंय का? १९९४चा चोरटा गेम, निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रांच्या नकलांवर चालणारा. सोनिकचा पहिला गेम जशाच्या तसा, ग्रीन हिल, गोल गोल रस्ते, अंगठ्या, सगळं. फक्त सोनिकच्या जागी मारिओ! तो लाल टोपीवाला अंग मुरडून सोनिकसारखा गोळा होऊन सुसाट सुटतो. आमच्या शेजारच्यांच्या कॅसेटमध्ये होता. नियंत्रण भयंकर, पण त्यापेक्षा विचित्र वाटायचं ते मारिओला घाई का आहे याचं. तो प्लंबर माणूस, आरामात नाणी गोळा करणारा. सोनिक पळतो तेव्हा कोणी विचारत नाही का पळतोस.

स्वभाव नुसता संवादात असता तर तिथे काही खटकायला नको होतं. दोघंही गप्पच होते.

मेघडंबरी

वा. पॉपकॉर्न वसूल.

डोंगरवेडी

रिकामटेकडा, हे आवडलं. पण मग सिनेमाचं काय करायचं? २०१९च्या एप्रिलमध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हा लोकांनी रान पेटवलं ते माणसासारखे दात आणि बारीक डोळे बघून. जेफ फाउलर या दिग्दर्शकाने चेहरा बदलायचं कबूल केलं, सिनेमा नोव्हेंबरवरून पुढच्या फेब्रुवारीवर गेला. सगळा दंगा चेहऱ्याचा. बेन श्वार्ट्झने आवाज दिलेला हा सोनिक पोरकट आहे, एकटा आहे, घर शोधतोय, यावर फारसं कोणी हूं की चूं केलं नाही. गेममधला सोनिक घर शोधत नाही, त्याला घर नकोच असतं. हा खरा मोठा बदल, आणि तो मुकाट्याने पचला.

मला तो पटतो, हेही सांगून टाकते. सिनेमाला सुरुवात आणि शेवट लागतो. ज्याला काहीच नको त्याची गोष्ट दीड तास कशी सांगणार?

ठसका

आणि खोडरबर यांना शेवटची चिमटी: ‘सोनिक फ्रंटियर्स’, २०२२. कित्येक वर्षांनी सोनिक शांत, मोजका, थोडा थकलेलाही वाटला. जपानी सोनिकच्या चाहत्यांनी डोक्यावर घेतला. लेखक कोण? इयन फ्लिन. अमेरिकी कॉमिक लिहून लिहून नावारूपाला आलेला अमेरिकी माणूस.

खोडरबर

फ्लिनने चांगलं लिहिलं कारण त्याने मूळ गेम नीट वाचले, हे माझ्याच बाजूचं आहे.

आता माझी चिमटी घ्या. सिनेमा जपानमध्ये डब झाला तेव्हा सोनिकचा आवाज कानेमारूंनी दिला नाही. वीसेक वर्षं तोच आवाज असलेला माणूस हयात, कामात, गेममध्ये रोज बोलतोय, आणि सिनेमासाठी घेतलं तरुण नट ताइशी नाकागावाला. जपानी डबिंगवाल्यांनाही दिसलं असणार की पडद्यावरचा हा पोरगा म्हणजे आपला सोनिक नव्हे.

डोंगरवेडी

किंवा सिनेमाच्या पोस्टरवर नावाजलेला चेहरा हवा होता. आमच्या धंद्यात नव्वद टक्के वेळा कारण हेच असतं हो.

खोडरबर

उरलेले दहा टक्के माझे.