अनुभव धागा: तंबू, गाडी आणि एड्रियाटिकचा किनारा

क्रोएशियातल्या रियेकापासून मॉन्टेनेग्रोमार्गे अल्बानियातल्या सारांदापर्यंत समुद्राच्या कडेकडेनं गाडी नेता येते. तंबू किंवा कॅम्पर व्हॅन घेऊन हा रस्ता केलेल्यांनी इथे लिहा. देखावे सगळ्यांनी फोटोत पाहिलेत. राहणं, रांधणं, वारा, रस्ता याबद्दल सांगा. सुरुवात माझ्यापासून.

आम्ही म्युनिकहून व्हॅननं गेलो. वेलेबिट डोंगराच्या माथ्यावर ढगांची पांढरी पगडी दिसली की समजायचं, बुरा सुटणार. हा डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा थंड, कोरडा वारा. ताशी 200 किमीच्या वरचे झोत नोंदले गेलेत. किनाऱ्याचा रस्ता आधी कॅम्पर आणि मोटरसायकलींना बंद होतो, फारच वाढला तर सगळ्यांना. कार्लोबागजवळ शेजारचे आजोबा संध्याकाळी आले, व्हॅनबाहेर ताणलेल्या आमच्या कापडी छपराकडे बोट दाखवून हातानंच 'गुंडाळा' म्हणाले आणि स्वतः एक बाजू धरून उभे राहिले. रात्रभर व्हॅन डुलत होती, कपाटातले चमचे वाजत होते. समोरच्या पाग बेटाची अलीकडची बाजू अशी उघडीबोडकी का, ते तेव्हा कळलं. बुरा समुद्राचं खारं पाणी उडवून तिथे नेतो, मग उगवणार काय?

*

दादा, वाऱ्याचं खरंच, पण जमिनीचंही लिहा ना! सगळा चुनखडीचा कातळ. नाशिकहून नेलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या पहिल्याच कॅम्पवर वाकल्या. तिथल्या दुकानात जाड पोलादी खुंट्या मिळतात, सोबत हातोडी घ्या. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही; तिकडे विकत घेताना आपल्या शेगडीला बसतो का ते पाहा. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनं उघड्यावर चूल पेटवू देत नाहीत. बाजारात ब्लिट्वा नावाची पालकासारखी भाजी मिळते. तिकडे बटाटा-लसूण घालून करतात. मी वर मोहरी-मिरचीची फोडणी दिली. एरवी पालेभाजी पाहून नाक मुरडणारी पोरं मुकाट जेवली.

*

क्रोएशियात वाटेल तिथे तंबू ठोकायला बंदी आहे, दंड होतो. 'ऑटोकँप' (अधिकृत कॅम्पची जागा) अशी पाटी शोधा. समुद्रात उतरताना रबरी बूट हवेतच, खडकांवर काटेरी सी-अर्चिन असतात.

*

पूर्वी दुब्रोव्निकला जाताना न्यूमपाशी बोस्नियात शिरून परत बाहेर पडावं लागे. 2022 मध्ये पेल्येशात्सचा पूल झाला आणि ती कटकट संपली. खरी रांग मॉन्टेनेग्रोच्या सीमेवर, ऑगस्टमध्ये तर विचारू नका. कोटोरच्या खाडीत कामेनारीहून फेरीबोट आहे, काही मिनिटांत पलीकडे. आम्ही मुद्दाम वळसा घालून पेरास्तवरून गेलो, पेट्रोल वसूल! भाड्याची गाडी अल्बानियात नेणार असाल तर परवानगी आणि ग्रीन कार्ड (परदेशात चालणारा गाडीचा विमा) आधीच मागून घ्या.

*

अल्बानियात ल्योगाराचा घाट चुकवू नका. 2024 पासून बोगदा आहे, पण घाटमाथा हजारेक मीटरवर, पाइनच्या झाडीतून बाहेर पडताच खाली एकदम समुद्र. रस्त्याकडेला मध विकतात. आमच्या कॅम्पशेजारी हुकूमशहा एन्व्हर होज्जाच्या काळातला काँक्रीटचा बंकर होता, त्यावर कुणाचे तरी टॉवेल वाळत होते.

*

भारतीय पासपोर्टवर जमेल का? आणि कधी जावं?

*

जमेल, पण शेंगेन व्हिसा (क्रोएशियासह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र) मल्टिपल-एंट्री घ्या; मॉन्टेनेग्रो त्यात नाही, त्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तिथे गेल्यावर परतीची वाट बंद. सप्टेंबर उत्तम: पाणी अजून कोमट, गर्दी ओसरलेली, भाडी उतरलेली. ऑक्टोबरात मात्र बरेच कॅम्प टाळं लावतात.