मदत हवी आहे : इंग्लंडात मासे गरवताना लायसन तपासलं, बाबांचं नाव लिहून घेतलं. आता पुढे काय?

हापूस_रीडिंग
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, शनिवारी बाबांचं मुंबईचं विमान आहे आणि त्याआधी काहीतरी कळायला हवं.

काल तळ्यावर मासे गरवायला गेलो होतो. माझ्याकडे वर्षाचं लायसन आहे, दोन दांड्यांचं (रॉड, म्हणजे गळाच्या काठ्या). एक दांडी माझ्या हातात, एक बाबांच्या. हिशेब बरोबर. तरी हिरव्या जॅकेटातले दोघे आले, माझं लायसन बघितलं, ठीक आहे म्हणाले आणि बाबांकडे वळले, तुमचं कुठाय? मी सांगितलं, ही दुसरी दांडी माझ्याच लायसनवर आहे. ऐकूनच घेतलं नाही. बाबांचं नाव, पत्ता लिहिला, हातात एक कागद दिला आणि गेले.

बाबांचं सगळं आयुष्य देवगडच्या खाडीत गरवण्यात गेलं. रात्री जेवले नाहीत. "माका चोर समाजले की काय?" एवढंच बोलले.

प्रश्न असे. हे कोर्टात जातं का? पुढच्या वर्षी बाबांचा व्हिसा अडकेल का? दंड आत्ताच भरून मोकळं होता येईल का? ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच सांगा. 'नियम पाळायला हवे होते' हे ऐकायला धागा काढलेला नाही.

टेम्सकाठी
तळं कुठलं? आलेले दोघे कोण होते, एन्व्हायर्नमेंट एजन्सीचे (लायसन देणारं सरकारी खातं) की तळं चालवणाऱ्या क्लबचे? ओळखपत्र दाखवलं का? कागदावर काय छापलंय? हे सांगितल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

बोलघेवडा
घाबरू नका हो. मी इतकी वर्षं कालव्यावर जातोय, आजवर एकदाही कुणी लायसन विचारलं नाही. तपासणी म्हणजे निव्वळ देखावा आहे. कागद फाडून टाका, बाबांना विमानात बसवा. परदेशी माणसाच्या मागे कोण लागतंय?

कलमबहाद्दर
कागद अजिबात फाडू नका. बोलघेवडा, लोकांना असले सल्ले देऊ नका.

'दोन दांड्या' म्हणजे एका माणसाने एका वेळी दोन दांड्या वापरायच्या. दोन दांड्या दोन माणसं असा त्याचा अर्थ नाही. लायसन माणसाच्या नावावर असतं, दांडीच्या नाही. कायदा १९७५ चा, सॅमन अँड फ्रेशवॉटर फिशरीज ॲक्ट. त्यातलं कलम ३५ वाचा. मासे मारत असलेल्या, मारायच्या तयारीत दिसणाऱ्या किंवा गेल्या अर्ध्या तासात मारलेल्या माणसाकडे अधिकारी लायसन मागू शकतात. असूनही जवळ नसेल तर सात दिवसांत दाखवायची सोय आहे. मुळातच नसेल तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

हापूस_रीडिंग
दंडाचा आकडा वाचून आणखी बरं वाटलं, धन्यवाद.

लायसनवर स्पष्ट 'अप टू टू रॉड्स' लिहिलंय. दोन माणसं चालत नाहीत हे कुठे लिहिलंय ते दाखवा. आणि बाबा गरवत नव्हते, मी डबा उघडेपर्यंत दांडी धरून उभे होते.

टेम्सकाठी
आधी लिहिलंत एक दांडी बाबांकडे, हिशेब बरोबर. आता म्हणताय नुसती धरली होती. अधिकाऱ्यांना यातलं काय सांगितलंत? महत्त्वाचं आहे म्हणून विचारतोय. आणि कागदाचं अजून कळलं नाही.

रापण
महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीला बंदी असते. या काळात होडी बाहेर काढलीत तर मत्स्यव्यवसाय खात्याची कारवाई होते. होडीची नोंदणी आणि परवाना दोन्ही वेगवेगळे लागतात. माहितीसाठी.

खेकडा_नं_१
रापणभाऊ, धागा इंग्लंडातल्या तळ्याचा आहे. होडीही नाही आणि समुद्रही नाही.

रापण
वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

मृगळ
मुळशीकडचा अनुभव सांगतो. आपल्याकडे धरणातल्या मासेमारीचा ठेका संस्थेला जातो. आम्ही गळ टाकून बसलो की ठेकेदाराचा माणूस काठी घेऊन येतो, दांडीमागे पैसे मागतो. पावती मागितली की म्हणतो, पावती हवी तर गळ गुंडाळा. तुमच्याकडे निदान कागद तरी देतात! मला तर ते दोघे सभ्य वाटले.

वॉर्डनची_बायको
अमेरिकेत हे किती सोपं आहे! वॉलमार्टमध्ये लायसन मिळतं. गेम वॉर्डन येतो, बघतो, कुठे काय लागतंय ते सांगून जातो. आम्हाला कधी अपमान वाटला नाही. इंग्लंडवाले प्रत्येक गोष्टीचं अवघड करून ठेवतात.

टेम्सकाठी
इथेही ऑनलाइन पाच मिनिटांत मिळतं, पोस्टातही मिळतं. एका दिवसाचं, आठ दिवसांचं, वर्षाचं. पाहुण्यांनाही काढता येतं. अवघड काही नाही, लोकांना काढावंसं वाटत नाही इतकंच.

बोलघेवडा
का वाटावं? तळ्याच्या मालकाला तिकिटाचे पैसे द्यायचे, वर सरकारला लायसनचे. एका माशाला दोन-दोनदा पैसे, आणि तो मासाही पाण्यात परत सोडायचा!

प्राजक्ता_नॉटिंगहॅम
लायसनचे पैसे कुठे जातात ते पाहायचं असेल तर आमच्याकडे या. कॅल्व्हर्टनला एजन्सीची मत्स्यशाळा आहे, तिथे वाढवलेले मासे नद्यांत सोडतात. प्रदूषणाने एखाद्या नदीतले मासे मेले की तिथे पुन्हा हीच पिल्लं जातात. मी दरवर्षी पैसे भरते. कुणी तपासायला आलं की मला बरंच वाटतं. न भरणारे माझ्या शेजारी बसून तेच मासे धरतात, त्याचा राग मी कुणावर काढायचा?

खेकडा_नं_१
हे पटतं, पण दुसरी बाजूही आहे. काठावर रांगेने माणसं बसलेली असतात आणि तपासनीस सरळ आमच्याकडे चालत येतो असं मला एकदा नव्हे, बऱ्याचदा वाटलं आहे. कधी तो पुढे जाऊन सगळ्यांनाच विचारतो, तेव्हा उगाच शंका घेतली असंही वाटतं. पण ती पहिली दोन मिनिटं वाईटच जातात. काकांना काय वाटलं असेल ते मला कळतं.

हापूस_रीडिंग
हेच. अगदी हेच. आमच्या पलीकडे दोघे गोरे बसले होते, त्यांच्याकडे नंतर गेले की नाही ते मी बघितलं नाही, पण आमच्याकडे आधी आले.

तळं रीडिंगच्या बाहेर आहे, जुनी खडीची खाण. मुलगाही होता बरोबर, त्याच्याकडेही बघत होते.

टेम्सकाठी
मुलगा?! हे आत्ता सांगताय? वय काय? त्याच्या हातात दांडी होती?

हापूस_रीडिंग
मार्चमध्ये तेरा पूर्ण झाले. लहान मुलांना लागत नाही हे मला माहीत आहे.

टेम्सकाठी
तेराच्या आत लागत नाही. १३ ते १६ वयाला फुकट आहे, पण काढावं लागतं. आजच काढा. आणि तो कागद अक्षरन् अक्षर टाइप करा, मी तिसऱ्यांदा विचारतोय.

बाल्टीचा_बांगडा
अवांतर : तळ्यात कुठले मासे मिळतात? कार्प असेल तर मीठ-हळद लावून तासभर ठेवायचा, मग चिंचेच्या कोळात. चिखलाचा वास जातो.

प्राजक्ता_नॉटिंगहॅम
कृपा करून असं काही करू नका. असल्या तळ्यांवर कार्प घरी न्यायचा नसतो, तो मालकाने पैसे मोजून सोडलेला असतो. नदीवरही मोजमाप ठरलेलं आहे : दिवसाला २० सेंटीमीटरपर्यंतचे १५ छोटे मासे, ६५ सेंटीमीटरपर्यंतचा एक पाइक, वाम मिळाली तर ती परतच सोडायची. आणि १५ मार्च ते १५ जून नदीवर या माशांसाठी गळ टाकायचाच नाही.

हापूस_रीडिंग
आम्ही मासे सोडून दिले. बाबांना ते लायसनपेक्षा जास्त विचित्र वाटलं.

कागद : वर क्लबचं नाव आणि चिन्ह. खाली चौकटी. 'दिवसाचं तिकीट नाही' आणि 'रॉड लायसन दाखवलं नाही' या दोन चौकटींत खूण. तळाशी 'सात दिवसांत सेक्रेटरीला कळवा'. बाकी काही नाही. तिकीट मी माझं एक काढलं होतं.

टेम्सकाठी
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर अर्धा धागा वाचला असता! ते क्लबचे बेलिफ होते, म्हणजे तळ्यावरचे राखणदार, कोर्टाचे बेलिफ नव्हेत. एजन्सीच्या अधिकाऱ्याला मासेमारीच्या कायद्यापुरते पोलिसासारखे अधिकार असतात, क्लबच्या माणसाला नसतात. क्लब तुम्हाला तळ्यावर बंदी घालू शकतो, तिकिटाचे पैसे मागू शकतो. हातातला कागद म्हणजे कोर्टाचं समन्स नव्हे.

बोलघेवडा
मी काय म्हणत होतो? फाडा.

कलमबहाद्दर
थांबा. त्याच कलम ३५ मध्ये आणखी एक गंमत आहे. ज्याच्याकडे स्वतःचं लायसन आहे, तो ते दाखवून दुसऱ्या मासे मारणाऱ्याकडे लायसन आणि नाव-पत्ता मागू शकतो. म्हणजे क्लबच्या माणसाने विचारलं यात बेकायदा काही नाही. आणि क्लब ती माहिती एजन्सीला कळवू शकतो.

खेकडा_नं_१
म्हणजे मी उद्या शेजारच्या काकांकडे लायसन मागू शकतो? काका दांडीनेच हाणतील.

कलमबहाद्दर
अधिकार आहे, वापरायलाच हवा असं नाही.

हापूस, पुढचं नीट वाचा. एजन्सीने प्रकरण पुढे नेलंच तर 'सिंगल जस्टिस प्रोसिजर'ची (एकच मॅजिस्ट्रेट नुसत्या कागदपत्रांवर निकाल देतो ती पद्धत) नोटीस येते. तुम्ही रीडिंगचा पत्ता दिला असेल तर तिथेच येईल, बाबांच्या नावाने. उत्तर द्यायला २१ दिवस असतात. बाबा देवगडला गेले म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकू नका, उत्तर आलं नाही तर मॅजिस्ट्रेट त्यांच्या गैरहजेरीत निकाल देऊ शकतो. आगाऊ दंड भरायची सोय नाही, कारण अजून दंडच झालेला नाही. आज लायसन काढलंत तरी ते कालच्या दिवसाला लागू होत नाही.

व्हिसा : नाव लिहून घेतलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे. शिक्षा झालीच तर पुढच्या अर्जात ती लिहावी लागते. व्हिजिटर व्हिसासाठी शिक्षेनंतरचे पहिले १२ महिने अडचणीचे असतात. तशी वेळ आली तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, फोरमला नको.

टेम्सकाठी
माझं मत : सेक्रेटरीला आजच मेल करा. वडील पाहुणे आहेत, दुसऱ्या तिकिटाचे पैसे द्यायला तयार आहोत, एवढंच. 'दोन दांड्यांचा हिशेब' हा मुद्दा त्यात घालू नका.

हापूस_रीडिंग
तो मुद्दा मला अजून पटलेला नाही. पण मेल टाकली, त्यात घातला नाही. उत्तर आलंय : दुसऱ्या तिकिटाचे पैसे भरा, पुढच्या वेळी दोघांची लायसनं आणा, आम्ही पुढे कळवत नाही. बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, इथे परत येणार नाही, समुद्रावर चल.

समुद्रावर काठावरून गरवायला लायसन लागत नाही ना, नक्की? शुक्रवारी चेसिल बीचला जायचा विचार आहे.

प्राजक्ता_नॉटिंगहॅम
काठावरून बांगड्यासाठी नाही लागत. सी-बास मिळाला तर ४२ सेंटीमीटरच्या खालचा परत सोडायचा, टेप बरोबर ठेवा.

बाल्टीचा_बांगडा
बांगडे मिळाले तर तिरफळं घालून करा. रीडिंगमध्ये तिरफळं कुठे मिळतात सांगा कुणीतरी.

हापूस_रीडिंग
आईने देवगडहून आणली आहेत. तिथे गाडी लावायला जागा मिळते का?

टेम्सकाठी
मिळते, पैसे पडतात. सकाळी लवकर निघा, अडीच तास तरी लागतील. मुलाचं लायसन काढलंत का?