८४ चौकोन तयार, पण एकमेकांना जुळत नाहीत. तातडीने मदत हवी आहे

मृण्मयी_नाशिक | सोमवार, रात्री १०:४०
नमस्कार. कुणीतरी पटकन सांगा, चौकोन लहानमोठे झाले असतील तर ब्लँकेट जोडायचं कसं? आमच्या गटात सगळ्यांना ८ नंबरच्या सुया, ४० टाके, ८० ओळी असं सांगितलं होतं. तसंच सगळ्यांनी विणलं, तरी जुळत नाहीयेत. बुधवारी जोडायला बसायचंय आणि पुढच्या रविवारी ब्लँकेटं द्यायची आहेत. आज सगळे चौकोन सतरंजीवर मांडून बघितले आणि रडूच आलं. इस्त्री फिरवली तर सारखे होतील का? उसवा असं कृपया कुणी सांगू नका, ते शक्य नाही.

लोकरवेडी | रात्री १०:५२
किती लहान, किती मोठे? लोकर कुठली? एकूण चौकोन किती आणि किती जणींचे? फोटो टाका. एवढ्याशा माहितीवर काय सांगणार?

अश्विनी_ठाणे | रात्री ११:०५
अगं सोपं आहे. प्रत्येक चौकोनाची शेवटची फेरी उसवायची. लहान असेल तर कोपऱ्यात ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब घेऊन एक फेरी वाढवायची, मोठा असेल तर एक फेरी कमी करायची. आम्ही सोसायटीत असंच केलं होतं. शेवटच्या फेरीला सगळीकडे पांढरा रंग घेतलात तर जोड उठून दिसतो.

मृण्मयी_नाशिक | रात्री ११:११
अश्विनी, क्रोशे नाही गं. दोन सुयांवरचं विणकाम आहे, दोन्हीकडून सुलट. फेऱ्या नाहीतच. लोकर साधीच आहे, सगळ्यांनी घरातली वापरली. शीर्षकात लिहिलंय ना, ८४ चौकोन. १४ जणी, प्रत्येकीचे सहा.

लोकरवेडी | रात्री ११:१५
साधी म्हणजे अ‍ॅक्रिलिक की खरी लोकर? इस्त्रीचं विचारताय म्हणून विचारते. यावरच सगळं ठरतं.

सुलट_उलट | रात्री ११:३८
खरी लोकर असेल तर इस्त्री नको आणि काहीच नको. कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा, पिळू नका. मग गादीवर आठ इंचाचा चौकोन खडूने आखून टाचण्या लावून वाळवा. अर्धा-पाऊण इंच सहज ताणलं जातं.
अ‍ॅक्रिलिक असेल तर यातलं काही टिकत नाही. ओलं असताना ताणलंत तरी वाळून, हाताळून पुन्हा मूळ मापावर येतं.

कमल_सांगली | मंगळवार, सकाळी ६:२०
मी गेली तीस वर्षं अ‍ॅक्रिलिकच्या स्वेटरना वाफेची इस्त्री करतेय. वरून ओला पंचा टाकायचा. काही होत नाही.

सुलट_उलट | सकाळी ७:०२
कमलताई, होतं. अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिकच. वाफ जास्त लागली की तंतू मेल्यासारखे लुळे पडतात, वीण चपटी होते, लकाकी येते आणि ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. दोन्हीकडून सुलट विणीला जो फुगीरपणा असतो, ज्यामुळे ऊब येते, तोच जातो. स्वेटरच्या शिवणीवर चालून जाईल, ब्लँकेटवर नको.

कमल_सांगली | सकाळी ७:१५
माझे स्वेटर अजून आहेत, घालून बघतात लोक. असो. ज्याचा त्याचा अनुभव.

सोलापूरचा_अनिल | सकाळी ८:३०
रविवारी द्यायचंच असेल तर एवढा त्रास कशाला? आमच्याकडच्या सोलापुरी चादरी घ्या. सुती, धुवायला सोप्या, वर्षानुवर्षं टिकतात. घाऊक घेतल्या तर तुमच्या लोकरीच्या खर्चात बसतील. चौकोन पुढच्या वर्षी जोडा.

लोकरवेडी | सकाळी ८:४१
अनिलदादा, चादर चांगलीच आहे, पण धागा त्याबद्दल नाही. चौदा जणींनी हाताने विणलंय ते द्यायचंय त्यांना.
मृण्मयी, अजून माप आलं नाही. मेजपट्टी घ्या आणि लिहा.

मृण्मयी_नाशिक | सकाळी ११:२५
सॉरी, काल फारच घाईत लिहिलं. आता नीट लिहिते.
सगळी लोकर अ‍ॅक्रिलिकच आहे. ब्लँकेटं त्र्यंबक तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहासाठी आहेत. तिकडे थंडी आमच्यापेक्षा कडक पडते, आणि तिथे लोकर हाताने, गार पाण्यात धुणार कोण, म्हणून अ‍ॅक्रिलिक ठरवलं. प्रत्येक चौकोन ८ इंच, ६ बाय ७ चं एक ब्लँकेट, म्हणजे ४२ चौकोन, अशी दोन.
आज सगळे मोजले. ५१ चौकोन बरोबर आठ इंच आहेत, दोराभर इकडेतिकडे. २१ चौकोन साडेसातचे आहेत. त्या मुलींचा हात घट्ट आहे, ते समजू शकते. पण १२ चौकोन सव्वानऊ इंचाचे आहेत! दोन जणींचे, प्रत्येकी सहा. आणि त्या दोघी नवशिक्या नाहीत. एक आमच्या माई, वय ७८. गटातल्या निम्म्या जणी त्यांच्याकडूनच शिकल्यात, मीसुद्धा. दुसऱ्या त्यांच्या शेजारीण.
आम्ही महिनाभर ग्रुपवर फोटो टाकत होतो. चौकोन झाला की फोटो, सगळ्यांचे अंगठे आणि फुलं. फोटोत सगळे सारखेच दिसले हो. कुणाच्या मनातही आलं नाही.
माईंचं श्रावणात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलेलं हे काम आहे. चौकोन देताना म्हणाल्या, "बघ गं, एकही टाका सुटला नाही." खरंच सुटलेला नाही. म्हणून म्हटलं, उसवायला सांगू नका.

दादरची_शुभा | सकाळी ११:५०
वयानुसार हात सैल होतो. माझ्या सासूबाईंचंही झालं होतं. माईंना काही सांगू नका. बाकीच्या चौकोनांना कड लावून मोठं करा, प्रश्न मिटला.

सुलट_उलट | दुपारी १२:१०
४० टाक्यांत सव्वा इंचाचा फरक फक्त सैल हाताने? होऊ शकतो, पण दोन वेगळ्या बायकांचा हात नेमका तेवढाच सैल कसा? दुसऱ्या बाईंचं वय काय?

मृण्मयी_नाशिक | दुपारी १२:१४
पन्नाशीच्या आहेत. हात अजिबात सैल नाही, त्यांचे मोजे बघाल तर कळेल.

एडिसनकर | दुपारी ३:०५
इकडे आत्ता पहाट आहे, पण हे वाचून उठून बसले. मृण्मयीताई, एकच प्रश्न. त्या दोघींच्या सुया कुठून आल्या? सुईच्या डोक्यावर नुसतं ८ लिहिलंय की शेजारी ५ मिमी पण आहे?
आपल्याकडे सुयांचे जे नंबर चालतात ते जुने ब्रिटिश. त्यात नंबर वाढला की सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत उलट, नंबर वाढला की सुई जाड. इथली ८ नंबर म्हणजे ५ मिमी. तुमची ८ नंबर हवी असेल तर इथे ६ मागावी लागते. दोन्हीकडे सारखी फक्त ७ नंबरची, साडेचार मिमीची.
मी इथे आले त्या वर्षी आईच्या वहीतला स्वेटर इथल्या सुयांवर विणला होता. मुलाचा स्वेटर नवऱ्याला झाला.

लोकरवेडी | दुपारी ३:२०
हेच असणार! आणि सव्वानऊ इंचाचा हिशोबही बसतो. ४ मिमीवर दर इंचाला ५ टाके, म्हणजे ४० टाक्यांचे आठ इंच. ५ मिमीवर दर इंचाला साधारण सव्वाचार टाके.

अश्विनी_ठाणे | दुपारी ३:४५
क्रोशातही हाच घोळ आहे बरं. अमेरिकेतलं सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश नमुन्यातलं डबल क्रोशे. आपला खांब म्हणजे अमेरिकेतलं डबल आणि ब्रिटिशांचं ट्रेबल. मी एका नमुन्यावरून गळ्याची लेस दोनदा उसवली, मग कळलं.

बालटोपडं_हवं | दुपारी ४:००
क्रोशाच्या बाळटोपड्याचा नमुना आहे का कुणाकडे? तीन महिन्यांच्या बाळासाठी.

मृण्मयी_नाशिक | सायंकाळी ५:३०
एडिसनकर, तुम्ही देवासारख्या आलात. माईंची मुलगी कॅलिफोर्नियात असते. दिवाळीत बांबूच्या सुयांचा संच घेऊन आली होती. ऑपरेशननंतर स्टीलच्या सुया चमकतात, डोळ्यांना त्रास होतो, म्हणून माई त्या वापरतात. आणि शेजारणीने त्यांच्याकडूनच मागून नेल्या. मी अजून सुई पाहिली नाही, पण हेच असणार.
म्हणजे माईंची चूक काहीच नाही. आम्ही "८ नंबर" म्हणालो, त्यांनी ८ नंबरच घेतली.
आता दोन प्रश्न. त्या १२ चं करायचं काय? आणि माईंना सांगायचं की नाही?

दादरची_शुभा | सायंकाळी ५:४८
नका सांगू. जोडून टाका गुपचूप. या वयात मनाला लागतं.

कमल_सांगली | सायंकाळी ६:१०
शुभाताई, मी ७१ वर्षांची आहे. माझ्यामागे माझ्या कामाची झाकपाक झालेली मला नंतर कळली तर ते जास्त लागेल. त्यांना जाऊन सुई दाखवा. विणणाऱ्या बाईला सुईचा हिशोब सांगितला तर ती रागावत नाही, नवीन कळलं म्हणून खूश होते. माईंनी तुम्हाला शिकवलंय ना? मग त्यांच्यापासून लपवू नका.

सुलट_उलट | सायंकाळी ६:३२
कमलताईंशी शंभर टक्के सहमत.
साडेसातच्या २१ चौकोनांसाठी उपाय: क्रोशाच्या सुईने चारही बाजूंनी मुक्या खांबाची (क्रोशाचा साधा, आखूड टाका) एक फेरी, कोपऱ्यात तीन टाके एकाच घरात. प्रत्येक बाजूला पाव इंच वाढतो, म्हणजे बरोबर आठ. एका बाजूला ४० टाके आहेत तर ४०च घ्या. ओळींच्या बाजूलाही दोन ओळींचा एक उंचवटा धरून ४०. जास्त घेतलेत तर कड लहरते. सगळ्या २१ ना एकच रंग द्या आणि ब्लँकेटात विखरून लावा, मुद्दाम केल्यासारखं दिसेल.

निफाडची_सून | सायंकाळी ७:१५
पुढच्या वेळेसाठी एक सांगते, आमच्या गटात गेली काही वर्षं हेच करतो. टाक्यांचा आकडा द्यायचाच नाही. कोपऱ्यापासून विणायचं. २ टाक्यांनी सुरुवात, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवायचा. त्रिकोण होत जातो. त्याची बाजू मेजपट्टीवर आठ इंच झाली की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विणून कमी करत यायचं. सुई कुठलीही असो, हात कसाही असो, चौकोन आठचाच येतो. आणि फोटो टाकताना चौकोनावर मेजपट्टी ठेवूनच टाकायचा.

लोकरवेडी | सायंकाळी ७:२२
हे खूप छान आहे. पण या १२ चं काय? कड लावून बाकीचे ७२ सव्वानऊपर्यंत न्यायचे तर महिना जाईल.

दादरची_शुभा | सायंकाळी ७:४०
मग त्या बाराच्या कडा आत दुमडून शिवा.

सुलट_उलट | सायंकाळी ७:४४
दुमडलं तर जोडावर चार थर येतील, पोरींना झोपताना टोचेल. नको.

चेन्नईहून_मेधा | रात्री ९:०५
तुमचा गट वाचून आठवलं. २०१६ च्या जानेवारीत इथे चेन्नईत क्रोशाचं जगातलं सगळ्यात मोठं ब्लँकेट झालं, ११ हजार चौरस मीटरच्या वर. 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाच्या बायकांनी ठिकठिकाणी बसून विणलेले तुकडे एकत्र जोडले होते. एवढ्या बायका एका मापावर येऊ शकतात, तर तुमच्या चौदा जणीही येतील. धीर सोडू नका.

मृण्मयी_नाशिक | बुधवार, रात्री ९:५०
आजचं सांगते.
दुपारी आधी माईंकडे गेले, एकटीच. माझी स्टीलची ८ नंबर आणि त्यांची बांबूची ८ नंबर त्यांच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही सुया अंगठ्याने चाचपल्या आणि म्हणाल्या, "ही जाड आहे गं." बांबूच्या सुईच्या टोकाजवळ बारीक अक्षरात ८ आणि ५.० मिमी लिहिलेलं होतं. आपण दोन-तीनदा वाचलं तरी दिसणार नाही असं. मी सगळं सांगितलं. कमलताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. त्यांनी वही काढायला लावली आणि माझ्याकडून अमेरिकेचे नंबर लिहून घेतले.
मग म्हणाल्या, "माझे बारा वेगळे काढ आणि बाकीचे मोज." बाकी उरतात ७२, म्हणजे ६ बाय ६ ची दोन ब्लँकेटं, प्रत्येकी ४८ इंच चौरस. आणि बारा सव्वानऊचे ३ बाय ४ लावले की होतं साधारण २८ बाय ३७ चं छोटं ब्लँकेट. वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईंना तान्हं बाळ आहे, ते माईंना माहीत होतं. मला नव्हतं.
दोन्ही मोठी ब्लँकेटं आता थोडी आखूड होतील, त्याला आम्ही वर-खाली तीन-तीन इंचाची कड विणणार आहोत. आज २१ पैकी १३ चौकोनांना मुक्या खांबाची फेरी झाली. मरून रंग घेतलाय. बाराचं ब्लँकेट माई स्वतःच जोडतायत, मोठ्या नाकाच्या बोथट सुईने.
आता एकच अडलंय. वर-खालची कड विणायला टाके उचलायचे आहेत. सहा चौकोनांचे २४० टाके होतात आणि आमच्या सुयांवर एवढे मावत नाहीत. गोल सुई (लवचिक तारेने जोडलेली दोन टोकं असते ती) गटात कुणाकडेच नाही. काय करू?

सुलट_उलट | रात्री १०:०४
कड तीन तुकड्यांत विणा, प्रत्येकी ८० टाके, आणि तुकडे शेवटी शिवून घ्या. जोड चौकोनांच्या जोडाच्या रेषेतच येऊ द्या, दिसणार नाही.

एडिसनकर | रात्री १०:१५
किंवा नाशिकमध्येच ४ मिमीची लांब गोल सुई बघा. दुकानात नंबर सांगू नका, मिमी सांगा.

बालटोपडं_हवं | रात्री १०:२०
टोपड्याचं कुणी सांगाल का? बारसं शनिवारी आहे.

कमल_सांगली | रात्री १०:३१
सांगते. डोक्याचा घेर किती आहे बाळाचा, आणि लोकर कुठली घेतली आहेस?