रजिस्ट्री क्लीनर विकत घ्यावा का?

मीरा:
बाबांचा लॅपटॉप खूप मंद झालाय. एका रजिस्ट्री क्लीनरच्या (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, साफ करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फुकट स्कॅनने शेकडो एरर दाखवल्या, आता दुरुस्तीसाठी वर्षाचे पैसे मागतोय. घेण्याआधी काय तपासू?

तळेगावकर:
घेऊच नका. प्रोग्रॅम काढला तरी त्याच्या काही नोंदी रजिस्ट्रीत राहतात, हे खरं. पण विंडोज हवी ती नोंद थेट शोधतं, सगळी रजिस्ट्री वाचत बसत नाही. काही केबीचा पसारा काढून वेग कसा वाढेल? तो एररचा आकडा तर काहीच सिद्ध करत नाही. न वापरलेल्या फाइल-प्रकाराची निरुपद्रवी नोंदसुद्धा त्यात 'एरर' म्हणून मोजली जाते.

दुरुस्तीवाला_सांगली:
सरसकट नावं ठेवू नका साहेब. जुना अँटीव्हायरस अर्धवट निघालेला असतो आणि नवा इन्स्टॉलच होत नाही, अशी मशीन दुकानात नेहमी येतात. हाताने रेजएडिटमध्ये (विंडोजच्या रजिस्ट्री एडिटरमध्ये) किती ठिकाणी शोधणार? मीराताई, तो क्लीनर प्रत्येक नोंद वेगळी दाखवतो का, पुसण्याआधी बॅकअप घेतो का, ते बघा. दोन्ही करत असेल तर हत्यार म्हणून वाईट नाही.

तळेगावकर:
त्यासाठी बहुतेक अँटीव्हायरस कंपन्यांचं स्वतःचं रिमूव्हल टूल फुकट मिळतं. तुम्ही नोंद वाचून पुसता, घरचा माणूस 'सगळं दुरुस्त करा' दाबतो. त्यात विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून रजिस्ट्रीची आपोआप होणारी रेगबॅक प्रतही बंद आहे. रिस्टोअर पॉइंट (विंडोजला मागच्या स्थितीत नेणारी जपलेली नोंद) नसेल तर मशीन चालूच न होण्याची वेळ येऊ शकते. रजिस्ट्री क्लीनर वापरू नका, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. आणि २०१७ मध्ये सीक्लीनर या रजिस्ट्रीही साफ करणाऱ्या प्रोग्रॅमच्या अधिकृत डाउनलोडमध्येच मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) घुसलं होतं, ५.३३ आवृत्तीत. २२ लाखांवर संगणकांवर ती पोचली होती.

दुरुस्तीवाला_सांगली:
असा हल्ला कुठल्याही सॉफ्टवेअरवर होऊ शकतो. तो मुद्दा इथे लावणं बरोबर नाही.

अनघा:
हे मान्य. पण स्कॅनच्या आकड्याबद्दल तळेगावकरांचं पटतं. अमेरिकेत ऑफिसचं सामान विकणाऱ्या ऑफिस डेपोच्या दुकानांत फुकट 'पीसी हेल्थ चेक' चालायचा. गिऱ्हाइकाने सुरुवातीच्या ४ तक्रारींपैकी एकीवर जरी खूण केली, तरी स्कॅनमध्ये काही सापडो न सापडो, मालवेअरची लक्षणं दिसली असा निकाल यायचा. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि त्यांना ते सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने मिळून ३.५ कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. स्कॅन फुकट आणि दुरुस्ती विकत असेल, तर आकडा फुगवण्यात विकणाऱ्याचाच फायदा. मीरा, लॅपटॉपमध्ये डिस्क कोणती आहे?

मीरा:
जुनी हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम.

तळेगावकर:
मग दुखणं तिथेच आहे. टास्क मॅनेजरमधून स्टार्टअपचे नको ते प्रोग्रॅम बंद करा आणि ते पैसे एसएसडीत (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क) घाला.

दुरुस्तीवाला_सांगली:
यावर माझा वाद नाही. फक्त क्लोन करण्याआधी, म्हणजे सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवण्याआधी, जुनी डिस्क तपासून घ्या. खराब सेक्टर निघाले तर बाबांचे फोटो आधी बाहेर काढा, बाकी सगळं नंतर.